लक्षुमनबा कशानं गेला

किसनराव मोहोड रस्त्यानं चालले असले आणि समोरून बैलगाडी आली, की ते जवळच्या कोणत्याही घरात शिरत. घर ओळखीचं असलंच पाहिजे असं काही नव्हतं. उंबरा ओलांडून ते आतल्या माणसांना हातानंच "बसा, बसा" करत, भिंतीला पाठ लावून उभे राहत आणि गाडी गेली की छत्री सावरत बाहेर पडत. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागे, तेव्हा त्यांना कचेरीत पोचायला दुपार व्हायची. वाटेत चार घरी चहा झालेला असे. त्यामुळे अमरावतीत परकोटाच्या आतल्या कितीतरी घरांची स्वयंपाकघरं त्यांच्या परिचयाची होती, आणि त्यांच्या साहेबांना मात्र त्यांची ओळख रोज नव्यानं करून घ्यावी लागत असे.

मी त्या वेळी परकोटातल्याच एका मुलींच्या शाळेत शिकवायची. आमचे हे अकोल्याला बँकेत होते. बदली होईल, होईल म्हणून मी माझ्या लहानग्या मुलीला घेऊन अमरावतीतच एका अंगणाच्या घरात खोली करून राहिले. अंगणाच्या तीन बाजूंना भाडेकरू, मधे विहीर. समोरच्या दोन खोल्यांत किसनराव एकटे राहत. वय पंचेचाळिशीच्या आसपास, अंग काडीसारखं, डोळे सदा कुणीतरी मागून हाक मारल्यासारखे. नोकरी वनखात्याच्या कचेरीत, नकाशे काढण्याची. मेळघाटातला प्रत्येक नाला, प्रत्येक पायवाट त्यांनी शाईनं काढलेली होती, आणि मेळघाटात त्यांनी आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं.

बैलाची भीती का, ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्यांचे वडील पोळ्याच्या दिवशी घरच्याच बैलाला बेगड लावायला गेले आणि बैलानं मान झटकली. शिंग पोटात गेलं.

"रक्त इसरत नाही, मास्तरीनबाई," किसनराव म्हणाले. "बाप ज्यानं गेला, ते पोराले धुंडत येते."

हे त्यांचं आवडतं वाक्य. दिवसातून कितीदा तरी ऐकू येई. आणि ते नुसतं बोलत नसत. आपल्या घराण्यात कोण कशानं गेलं, याचा त्यांनी पुरता शोध चालवला होता. दुसऱ्या कुणी खापरपणज्यांची नावं शोधली असती, वतनं शोधली असती. यांना नावाशीही फारसं कर्तव्य नव्हतं. माणूस गेला कशानं, तेवढं त्यांना हवं होतं.

आजा निंबावरून पडून गेला होता. म्हणून वैशाखाच्या उन्हात सगळं अंगण निंबाखाली पडलेलं असताना किसनराव पत्र्याखाली घामाघूम बसत. मी म्हटलं, तुमचे आजोबा झाडावर चढले होते, खाली बसायला काय हरकत आहे? त्यावर ते म्हणाले, की वरून पडणारा माणूस कुणाच्या तरी अंगावर पडतोच. चुलत आजा बोराची बी घशात अडकून गेला, म्हणून बोरं वर्ज्य. बापाचे मामा स्वतःच्या वरातीत घोड्यावरून पडून गेले, म्हणून किसनरावांनी लग्नच केलं नाही. पायी वरात काढा, असं त्यांना कितीजणांनी सुचवलं होतं. तर म्हणाले, "घोड्याशिवाय नवरदेव. लोक काय म्हनतीन?" मरणाच्या खालोखाल त्यांना लोकांचं भय होतं.

शोधाची त्यांची पद्धत अशी. लग्न असो, बारसं असो, पंगतीत ते सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी पाट धरत. त्याच्या पानात आपला बुंदीचा लाडू सरकवत आणि हळूच विचारत, "बाबा, आमच्या मोहोडाईतले तुम्ही कोनकोन पाह्यले? कशानं गेले ते?" एखादा म्हातारा खुलायचा. पण बहुतेक घरांत त्यांचं येणं अशुभच मानलं जाऊ लागलं. एखाद्या आजारी म्हाताऱ्याच्या उशाशी किसनराव बसलेले दिसले, की घरचे त्यांना उठवायला निमित्त शोधत. एका बाईंनी तर सासऱ्यांना आतल्या खोलीत नेऊन निजवलं आणि ते गावाला गेले असं सांगितलं. आतून सासरे खोकत होते.

कधीकधी भलतंच काही हाती लागे. आजोबा गुढीसाठी निंबाचा डहाळा तोडायला चढले होते, असं घरात सांगत. पण गावच्या एका जुन्या न्हाव्यानं सांगितलं की डहाळ्याचं काही खरं नाही. त्या दिवशी पाटलाच्या आवारात दंडार, म्हणजे सोंगांचा खेळ, होती, बाहेरून दंडारवाले आले होते, आवारात सगळ्यांना प्रवेश नव्हता. आजोबा फांदीवर बसून दंडार पाहत होते. राजाचं सोंग आलं आणि त्यांनी टाळी वाजवली. दोन्ही हातांनी.

हे कळून आल्यावर किसनराव फार खिन्न दिसले. मला वाटलं, आजोबांच्या अब्रूचं वाईट वाटतंय. तसं नव्हतं. "म्हंजे आता दंडारीपासूनही सांभाळाले पायजे," ते म्हणाले.

मी हसायची. पण खरं सांगायचं, तर त्या भीतीची लागण होत असे. त्यांनी एकदा सहज विचारलं, "तुमच्याकडं कोन कशानं गेलं?" मी म्हटलं, माझी आजी विंचवानं गेली. त्यांनी नुसती मान हलवली. त्या दिवसापासून मी चप्पल झटकल्याशिवाय पाय घालत नाही, आणि मुलीचं अंथरूण उलटंपालटं केल्याशिवाय तिला निजवत नसे.

या सगळ्या गेलेल्यांत एक मात्र त्यांना सापडत नव्हता. तो म्हणजे पणजा, लक्ष्मण. त्याचं नाव घेतलं की घरचे म्हातारे गप्प होत. बोरखेडीला त्यांचे महादेवकाका होते, घराण्यातले सगळ्यात वडील. त्यांना किसनराव दर वर्षी विचारत आणि काका दर वर्षी एकच सांगत, "गेला." कशानं? "गेला म्हंजे गेला."

हा एक माणूस किसनरावांच्या जिवाला लागला होता. बैल दिसतो, झाड दिसतं, घोडा दिसतो. ज्याचं नावच माहीत नाही त्यापासून माणसानं सांभाळायचं तरी कसं? म्हणून मग ते उरलेल्या सगळ्यालाच भीत. विजेचं बटन लाकडी पट्टीनं दाबत. विहिरीवर पाणी काढताना कमरेला दोर बांधून तो दाराच्या कडीला अडकवत. अंगणातल्या पोरांना त्याची इतकी सवय झाली होती की कुणी हसतही नसे.

त्यांना एक थोरली बहीण होती, अन्साबाई. अकोल्याला दिली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, सासरी राबत होती. मी राहायला आल्यावर वर्षाच्या आतच तिला क्षय झाल्याचं कळलं. सासरच्यांनी तिला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात, क्षयाच्या वॉर्डात टाकलं आणि तिचं अंथरूण जाळलं.

मी शनिवारी शाळा सुटल्यावर अकोल्याला जात असे. पहिल्याच शनिवारी किसनराव पिशवी घेऊन दारात उभे. तूप, अंडी, संत्री, आणि स्वतः वळलेल्या वेड्यावाकड्या शेवया. म्हणाले, एवढं अन्साला द्या, आणि मी पुढच्या आठवड्यात येतो म्हणून सांगा.

अन्साबाई खाटेवर उठून बसली. भावासारखीच काडी, पण डोळे शांत. तिनं पिशवी घेतली, शेवया पाहून हसली आणि विचारलं, "किसना नाही आला?" मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "नाही आला ते बरं झालं. नका येऊ देऊ त्याले."

परत आल्यावर किसनराव अंगणात वाटच पाहत होते. पण जवळ आले नाहीत. विहिरीच्या पलीकडूनच त्यांनी चौकशी केली. खोकते का, किती खोकते, तिनं पिशवी घेतली तेव्हा माझं बोट लागलं का. रिकामी पिशवी त्यांनी काठीनं उचलून भिंतीवर उन्हात टाकली आणि ती तिथंच विरून जाऊ दिली. दर शनिवारी नवी पिशवी, दर शनिवारी तोच निरोप, आणि दर शनिवारी तिचा तोच प्रश्न. मला त्यांची चीड येऊ लागली. बैलाला भ्या, झाडाला भ्या. पण आईच्या मागं जिनं वाढवलं, तिच्या वॉर्डाच्या दारापर्यंत तरी माणसानं जावं.

दिवाळीच्या तोंडावर वॉर्डाच्या डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. सुया लागू पडल्या होत्या, अन्साबाईच्या थुंकीत आता दोष निघत नव्हता. तिला घरी न्यायला हरकत नव्हती, उलट खाट रिकामी हवी होती. पुढच्या सुया घरी देता येतील, पण सांभाळणारं कुणीतरी पाहिजे. सासरच्यांनी साफ नाही म्हणून कळवलं होतं. डॉक्टर म्हणाले, कुणीच आलं नाही तर तिला धर्मशाळेत पाठवावं लागेल. आणि धर्मशाळेत अशी बाई किती दिवस काढते, ते त्यांना ठाऊक होतं.

मी हे किसनरावांना सांगितलं. ते आत गेले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाहेर आले ते म्हणाले, "तुमी दिवाळीले तिवस्याले माहेरी जाता ना? मी संगं येतो. बोरखेडीले जाऊन येऊ. लक्षुमनबाचं एकदा पाहूनच घेतो."

बहीण तिकडे धर्मशाळेच्या वाटेवर आणि यांना पणजोबा आठवला. मी तसं बोलूनही दाखवलं. ते एवढंच म्हणाले, की पणजा छातीच्या रोगानं गेला असेल, तर ते घराण्यातच आहे, आणि मग अन्साचं काही खरं नाही. मला त्यांचा हिशेब कळला नाही, पण ते दारातून हलेनात म्हणून मी हो म्हटलं.

तिवस्याच्या पुढं एसटीतून उतरून बोरखेडीला चालत जावं लागे. मुलीला माझ्या आईपाशी ठेवून मी त्यांच्याबरोबर गेले. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. लांब कुठं बैलाच्या गळ्यातली घंटी वाजली की किसनराव थांबत, माझ्या आडोशाला येत.

महादेवकाका ओसरीवर बसले होते. नेहमीचा प्रश्न झाला, नेहमीचं उत्तर झालं. पण या वेळी किसनराव उठले नाहीत. अन्साचं सगळं सांगून ते म्हणाले, "काका, मले भेव लागून राहिलं. निदान रोग तं सांगा." काका म्हणाले, "पटकीची साथ आली होती तवा गेला. झालं समाधान? आता चहा घ्या अन् जा." आणि ते उठून आत गेले, ते बाहेर आलेच नाहीत. पटकीनं गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला एवढं तोंड का लपवावं, ते आम्हाला कळेना.

एसटीच्या रस्त्याला लागताना वाट बुद्धपुऱ्यावरून जायची. गावापासून थोडी सुटी, नाल्यापलीकडची घरं. एका घरापुढं चौकटीत बुद्धाची तसबीर, तिला झेंडूचा हार, आणि दारात उन्हाला पाय पसरून बसलेली एक फार म्हातारी बाई. तिनं कपाळावर हात धरून आम्हाला न्याहाळलं आणि किसनरावांना विचारलं, "कोनाचे तुमी?"

किसनरावांनी बापाचं नाव सांगितलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. आजाचं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "म्हंजे लक्षुमनबाचे."

किसनराव जागच्या जागी थांबले. आजवर ते नाव त्यांनी विचारल्याशिवाय कुणाच्याच तोंडून ऐकलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही त्याला कशा ओळखता? तो तर साथीत गेला.

"साथीत काहून जाईन?" ती म्हणाली. "आमच्याच घरी तं राहे. मी त्याच्या कडीखांद्यावर वाढली."

तिचं नाव गयाबाई. तिनं जे सांगितलं, ते तिच्या आजीनं तिला सांगितलेलं होतं. पटकी आली तेव्हा रोज माणसं जात. गाव उठलं आणि शेतांत खोपटी टाकून राहायला गेलं. लक्ष्मण निघायच्या दिवशीच अंथरुणाला खिळला. घरच्यांना वाटलं, तो संध्याकाळ पाहत नाही. त्यांनी त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, लेकरं गाडीत घातली आणि निघून गेले. जाताना दाराला बाहेरून कडी लावली. कुत्री शिरू नयेत म्हणून लावली असेल, की तो मागं येऊ नये म्हणून, ते कुणाला माहीत.

सगळं गाव ओस होतं. गयाबाईची आजी सरपण शोधत त्या गल्लीत गेली. एरवी त्या गल्लीत तिला पाय टाकता आला नसता. तिनं आतून आवाज ऐकला. पाणी म्हणत होता. ती पळून आली, कारण तिला वाटलं मेलेला माणूस बोलतोय. मग पुन्हा गेली. कडी काढली, त्याच्या तोंडात पाणी घातलं, घरून पेज आणून पाजली. कुणी पाहिलं असतं तर तिचे पाय मोडले असते. ती रोज जात राहिली आणि तो वाचला.

उभं राहता यायला लागल्यावर लक्ष्मण काठी टेकत शेतावर आपल्या माणसांकडे गेला. तिथं त्याचं सुतक धरून झालं होतं. भावानं, मुलानं डोकी भादरली होती. लांबून तो येताना दिसला आणि बायका किंचाळल्या. भूत समजून त्यांनी दगड मारले. तो नाव घेऊन हाका मारत राहिला. तो जिवंत आहे हे कळल्यावर, कुणाच्या हातची पेज पिऊन जिवंत आहे तेही कळलं. मग दगड थांबले, पण त्याला कुणी बोलावलं नाही. मेला होता तोच बरा, असं ठरलं.

तो नाला ओलांडून आला तो परत गेला नाही. इथंच म्हातारा झाला. त्याचा मुलगा, म्हणजे दंडार पाहणारे किसनरावांचे आजोबा, याच वाटेनं शेताला जायचे. बाप दारात बसलेला असे. मुलगा कधी वळून पाहायचा नाही.

किसनरावांनी विचारलं, "अन् मंग गेला कशानं?"

"कशानं जाईन बापा? म्हातारा झाला होता. निजला तं उठला नाही," गयाबाई म्हणाली. "लय गरीब मानूस. काही मांगे नाही. एकच होतं, आमच्या दाराले बाहेरून कडी लावू देत नोता. घरात कोनी नसलं तरी नाही."

किसनराव खाली, मातीतच बसले. जवळून एक मोकळा बैल चरत गेला, त्यांचं लक्षही नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी तिच्याकडे पाणी मागितलं. तिनं नातसुनेला हाक मारून तांब्या आणवला आणि म्हणाली, "घ्या. आता कोनी आमचे पाय मोडाले येत नाही." आम्ही दोघं पाणी प्यालो. मग ती पुन्हा उन्हाकडे तोंड करून बसली.

एसटीत किसनराव खिडकीपाशी बसले होते. तिवसा जवळ आल्यावर म्हणाले, "मास्तरीनबाई, कडी कोनं लावली असंन?"

मी म्हटलं, कुणाला ठाऊक. भावानं असेल, बापानं असेल.

"तेबी माहेच," ते म्हणाले. "मी लक्षुमनबाचंच रक्त धुंडत होतो. पन घरात एक कडीच्या आत होता, अन् बाकीचे सारे कडीच्या बाहेर."

पुढच्या शनिवारी ते माझ्याबरोबर अकोल्याला निघाले. नाकातोंडावर दोन पदरी पंचा, खिशात कापराच्या वड्या. बडनेऱ्याहून गाडी पकडली. मूर्तिजापुरात ते उतरून परत जायला निघाले होते, मी बाही धरून बसवलं. दवाखान्याच्या फाटकात त्यांना ओकारी झाली. वॉर्डाच्या दाराशी ते आले, आत डोकावले, मागं फिरले, जिन्यापर्यंत गेले, पुन्हा आले. वॉर्डातल्या सगळ्या बायका उठून बसून हे पाहत होत्या.

अन्साबाईनं त्यांना ओळखलं आणि तिचा चेहरा भीतीनंच भरला. "तू काहून आला? जाय इथून."

"तुले न्याले आलो," किसनराव पंच्याआडून म्हणाले.

खरं संकट त्यानंतर होतं. संध्याकाळी टांगा अंगणाशी थांबला तेव्हा सगळ्या दारांत माणसं उभी होती. एका शेजारणीनं विहिरीवरचा आपला पोहरा उचलून घरात नेला. दुसऱ्यांनी पोरांना आत ओढलं. त्या दिवशी शेजारी ठेवलेली माझी मुलगी पुढं आली, अन्साबाईकडे पाहून हसली आणि माझाही हात पुढं होऊन तिला मागं घेऊन आला. डॉक्टरांचं बोलणं मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं होतं, तरी भीती वाटायची ती वाटलीच. घरमालक रात्रीच्या आत बाई हलवा म्हणाले.

किसनरावांनी तेव्हा जे केलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. हा माणूस प्रत्येक दारात गेला. पंचा तसाच बांधलेला. ते प्रत्येकाला म्हणाले, "तुमाले भेव वाटते ते बराबर हाय. मलेबी वाटते. तुमच्याऊन जास्त वाटते. पन मी दोघाईच्या वाटचं भेऊन घेतो, तुमी नुसतं राहू द्या." त्यांच्याइतका भित्रा माणूस जिच्याबरोबर राहायला तयार आहे, ती बाई फारशी धोक्याची नसणार, असा विचार लोकांनी केला असावा. घरमालक पुटपुटत गेले.

मग सुरू झालं ते अंगण विसरणार नाही. किसनराव अन्साची भांडी इतकी उकळत, की कपाचे कान गळून पडले. फिनाइलच्या वासानं अंगणातली मांजरं गाव सोडून गेली. सुई द्यायला कंपाउंडर येई तेव्हा सुई अन्साला टोचली जाई आणि घेरी किसनरावांना येई. म्हणून कंपाउंडर आधी त्यांना निजवत असे. मालकांना एक दिवस दिसलं की अन्साच्या खोलीच्या दाराची बाहेरची कडीच नाही. किसनरावांनी ती पेचकसानं काढून टाकली होती. मालकांनी जाब विचारला तेव्हा ते म्हणाले, आतली आहे ना, बस झाली.

अन्साबाई सावरली. हिवाळा सरेपर्यंत ती दारात बसून गहू निवडू लागली, होळीला तिनं अंगणभर पुरणपोळ्या दिल्या आणि मोजक्या घरांनी का होईना, खाल्ल्या. किसनराव होते तसेच राहिले. बैलगाडी आली की अजून ते परक्या घरात शिरत. निंबाखाली ते कधी बसले नाहीत.

उन्हाळ्यातल्या एका दुपारची गोष्ट आहे. शाळेला सुटी होती. मी कैरी किसून आंब्याचा तक्कू केला होता, वाटीभर अन्साबाईला द्यावा म्हणून त्यांच्या दारात गेले. हाक मारणार, तोच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

किसनराव तिच्या खाटेला टेकून जमिनीवर बसल्याबसल्या झोपले होते. पंचा गळ्यात घसरला होता, तोंड उघडं होतं, आणि तिच्या लुगड्याच्या पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं.

मी उंबऱ्याशीच बसले. ती हळू आवाजात सांगू लागली. आई गेली तेव्हा किसना इतका लहान होता की आईच्या कुशीतच झोपलेला होता. सकाळी उठून त्यानं तिला हलवलं. बाप गेला तेव्हाही जवळ तोच होता.

"तुमाले वाटे, रोगाले भेते म्हून दवाखान्यात येत नाही," अन्साबाई म्हणाली. "मलेबी तेच वाटे. परवा बोलला. म्हने, मी ज्याच्यापाशी जातो तो जाते. मी नाही आलो तं तू जिती राह्यशीन, असं वाटे. म्हून येत नोतो."

बाहेर ऊन रणरणत होतं. किसनराव झोपेत काहीतरी पुटपुटले आणि मूठ आणखी आवळली. अन्साबाईनं पदराकडची बाजू जराही हलवली नाही. दुसरा हात लांब करून तिनं माझ्याकडून वाटी घेतली, मांडीवर ठेवली, आणि त्यांच्या तोंडावर बसणाऱ्या माश्या वारत राहिली.